यकृत बिघडले म्हणजे दारूच?

महोदय,

माझ्या थोरल्या काकांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. तरी यकृत बिघडून त्यांच्या पोटात पाणी झाल्याचे कळताच आळीत कुजबुज सुरू झाली, ‘लपूनछपून घेत असणार!’ निघाला हेपटायटिस ‘सी’. बहुधा जुन्या शस्त्रक्रियेत चढवलेल्या रक्तातून आलेला. हा विषाणू वीस-तीस वर्षे गुपचूप यकृत पोखरतो, दुखत-खुपत काही नाही. आता बहुतेकांचा तो बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी जातो आणि २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून उपचार मोफत आहेत. हे आम्हाला फार उशिरा समजले.

‘बी’ची चाल निराळी. यकृत आक्रसण्याआधीही त्यातून कर्करोग होऊ शकतो, म्हणून तर बाळाला जन्मापासून २४ तासांत लस देतात. मधुमेहासोबतचे ‘फॅटी लिव्हर’, म्हणजे यकृतात साठलेली चरबी, बहुतेकांत वर्षानुवर्षे रेंगाळते, पण काहींना सिरॉसिसपर्यंत, म्हणजे यकृत आक्रसण्यापर्यंत, नेते. आणि यकृत दारूमुळेच बिघडले असेल तर उशिरा का होईना, बाटली सुटली की पुष्कळांची प्रकृती सावरते. टोमणे मारून ती सुटत नाही.

काका दवाखान्यात जाताना फाइल पिशवीत उलटी ठेवत. वरचे ‘लिव्हर क्लिनिक’ कुणाला दिसू नये म्हणून.

– एक वाचक, सातारा