फळ्या चिरताना साखळी कोरडी का पडते?

संपादक महोदय,

चेनसॉने, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या साखळीच्या करवतीने, ओंडके चिरून फळ्या पाडण्याविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. यंत्राची निवड, धार आणि फळी एकसारख्या जाडीची यावी म्हणून यंत्राला लावायची चौकट बसवण्याची पद्धत यांविषयी त्यात उपयुक्त माहिती होती. मात्र साखळी तापून धूर येऊ लागल्यास ‘तेलाचा पंप वाढवावा’ एवढ्या एका वाक्यात वंगणाचा विषय उरकला होता. याच समजुतीपायी मी एक नवा बार, म्हणजे जिच्या कडेने साखळी फिरते ती लांब पोलादी पट्टी, गमावला असल्याने हे पत्र लिहीत आहे.

खोड आडवे कापताना काप थोड्या वेळात संपतो आणि दोन कापांच्या मध्ये साखळीला उसंत मिळते. ओंडका उभा चिरताना तीच साखळी सलग काही मिनिटे, इंजिन पूर्ण वेगात असताना, लाकडात दडपलेली राहते. त्यातच तेलाची वाट लांबची असते. पंपातून आलेले तेल इंजिनालगतच्या छिद्रातून बारच्या खोबणीत उतरते, साखळीच्या आतल्या कड्या ते ओढत टोकापर्यंत नेतात आणि टोकाला वळसा घातल्यावरच ते कापणाऱ्या बाजूला पोहोचते. ३६ इंची बारवर हा आधीचा प्रवासच जवळजवळ ३ फुटांचा होतो. वळशावर बरेच तेल उडून जाते, बार आडवा धरलेला असल्याने उरलेले खालच्या कडेकडे ओघळते आणि वाचलेले थेंब पिठासारखा भुसा पिऊन टाकतो. त्यामुळे पंप धडधाकट असूनही साखळी कोरडी पडू शकते आणि तरीही दोष आधी यंत्रातच शोधावा लागतो, कारण बऱ्याचदा दोन्ही गोष्टी एकदमच असतात.

माझ्या बाबतीत तसेच झाले. बार एकाच कडेने झिजू नये म्हणून तो अधूनमधून उलटवावा लागतो. तसा मी तो उलटवला, पण इतके दिवस बाहेरच्या, म्हणजे कव्हरच्या बाजूला असलेले तेलाचे छिद्र भुसा आणि तेल यांच्या घट्ट लगद्याने बुजले होते, हे पाहिले नाही. तिसऱ्या फळीच्या मध्यावर धूर आला, म्हणून तेल कमी-जास्त करण्याचा पंपाचा स्क्रू शेवटपर्यंत उघडला. तेलाची टाकी भराभर रिकामी होत होती, म्हणून मी निर्धास्त होतो. प्रत्यक्षात ते तेल बारच्या मागे झिरपून कव्हरखालच्या भुशात मुरत होते. बार उतरवला तेव्हा त्याच्या दोन्ही कडा निळसर पडल्या होत्या आणि साखळीच्या काही कड्या बोटाने वाकवूनही वाकत नव्हत्या.

म्हणून स्क्रूला हात लावण्याआधी बार उतरवून खोबण पातळ पात्याने खरवडावी आणि दोन्ही बाजूंची छिद्रे बारीक तारेने मोकळी करावीत. मग बार व साखळीशिवाय इंजिन किंचित वेगात चालवून, हात दूर ठेवून, तेल बाहेर येते का ते पाहावे. अनेक यंत्रांत क्लचचा ड्रम, म्हणजे वेग दिल्यावर साखळी फिरवणारा भाग, फिरला तरच पंप चालतो, त्यामुळे नुसत्या मंद गतीवर ही परीक्षा फसवी ठरते. तेल येत असेल, तर अडथळा बारमध्ये आहे किंवा दुसऱ्या बनावटीच्या बारचे छिद्र पंपाच्या तोंडासमोर बसत नाही, असे समजावे. येत नसेल, तर टाकीतली गाळणी आणि तिची नळी तपासावी. सुरुवातीला तेल नीट येऊन मग आटत असेल आणि टाकीचे झाकण सैल करताच पुन्हा येऊ लागत असेल, तर टाकीत हवा शिरण्याची वाट बुजलेली असते. हा दोष पंप बदलूनही जात नाही.

तेल साखळीसाठीचेच, चिकट असावे. गाडीतून काढलेले जुने इंजिन ऑइल वापरण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्याला साखळीवर टिकण्याइतकी चिकटी नसते, त्यात धातूचे कण असतात आणि उडणाऱ्या तुषारांतून ते कातडीवर बसते, जे आरोग्याला घातक आहे.

बोथट साखळीही तशीच तापते, त्यामुळे गल्लत होते. एरवी भुशावरून धार ओळखता येते, पण उभ्या चिरकामात भुसा मुळातच बारीक पडत असल्याने ही खूण चालत नाही. यंत्र जोराने रेटावे लागू लागले की कानस हाती घ्यावी. तापून सैल झालेली साखळी ताणून तशीच ठेवू नये. थंड झाल्यावर ती आखडते आणि बारवर व इंजिनाच्या दांड्यावर ताण देते.

हे सर्व ठीक असूनही लांब बारवर तेल अपुरे पडतच असेल, तर बारच्या टोकाकडे वेगळे तेल द्यावे लागते. चौकटीवर एक लहान डबा, त्याला तोटी आणि बारीक नळी, एवढी सोय पुरते. साखळी टोकाला वळून लाकडात शिरते त्याच्या अगदी आधी थेंब पडले पाहिजेत. तेल पोहोचते की नाही, हे टाकीवरून ठरवू नये. बारचे टोक फिकट रंगाच्या पुठ्ठ्यावर थोड्या अंतरावर धरून वेग दिला, की काही सेकंदांत तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. पेट्रोल संपत आले तरी तेलाची टाकी अर्धी भरलेली असेल, तर तेल नक्कीच कमी जाते आहे. उलट, ती रिकामी झाली म्हणजे तेल साखळीलाच मिळाले असे मात्र नव्हे, हे मी माझ्या खर्चाने शिकलो आहे.

या विषयावर पुन्हा लिहून येईल, तेव्हा पंपाच्या स्क्रूऐवजी बारवरच्या त्या छिद्राचे छायाचित्र छापावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक