बाबांची गाठ ओळखणाऱ्या सगळ्यांना
दाढ काढल्यावर बाबांच्या जबड्याखाली लाकडासारखी टणक गाठ आली. ३ महिने आम्ही कॅन्सरच्या धास्तीत काढले. परळच्या ओपीडीत एका तरुण डॉक्टर ताईंनी गाठीतला पू गॉजवर पसरून त्यातले रव्याएवढे पिवळे कण दाखवले. म्हणाल्या, "हा ॲक्टिनोमायकोसिस वाटतोय." मी तर शब्दच पहिल्यांदा ऐकला. हा जिवाणूमुळे होणारा आजार; प्राणवायूशिवाय वाढणारा त्याचा जिवाणू फार सावकाश उगवतो. लॅबमधल्या दादांनी कल्चर, म्हणजे जिवाणू वाढवायला ठेवलेला नमुना, १४ दिवस जपलं, म्हणून तो सापडला. आधी शिरेतून पेनिसिलिन, मग ६ महिने गोळ्या. "काका, मूठ वळा हं" म्हणत हलक्या हाताने सुई लावणाऱ्या सिस्टर, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काल बाबांनी भाकरी चावून खाल्ली, तीही कडेची.