बाबांची निळी वही आणि बिशप

नाशिक, रविवार रात्र

ती. आई-बाबा,
सलाम.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "बायबलात बिशप कुठाय ते दाखव, मग येतो," आणि फोन आईकडे दिला. आई गुडघ्यांपासून भरतापर्यंत सगळं बोलली, पण नातीच्या दृढीकरणाला, म्हणजे बिशप डोक्यावर हात ठेवून तिला मंडळीत पक्कं करतील त्या विधीला, येणार की नाही, ते राहिलंच. म्हणून लिहितेय.

बाबा, शब्दापुरतं तुमचं बरोबर आहे, आधीच कबूल करते. प्रेषित पौल मिलेताहून इफिसच्या मंडळीच्या 'वडिलांना', म्हणजे तिथल्या पुढाऱ्यांना, बोलावतो आणि अकरा वचनांनंतर त्यांनाच 'अध्यक्ष' म्हणतो; 'बिशप' ज्या ग्रीक शब्दावरून आला, तोच हा शब्द. प्रेषितांची कृत्ये 20, 17 आणि 28. माणसं तीच, नावं दोन. पौलाने आपला सहकारी तीत याला लिहिलेल्या पत्रातही पाचव्या वचनात वडील, सातव्यात अध्यक्ष. फिलिप्पैकरांच्या पत्रात तर एकाच गावात अध्यक्ष बरेच. एका मंडळीवर एकच बिशप, हे ठासून लिहिलं ते अंत्युखियाच्या इग्नेशियसने. तेही दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला, दहा शिपायांच्या पहाऱ्यात त्याला रोमला मारायला नेत होते तेव्हा. आणि गंमत बघा, रोमकरांना लिहिलेल्या पत्रात तो तिथल्या बिशपचं नावही काढत नाही. हा मुद्दा तुम्हाला फुकट!

पण तीताचं काय? पौलाने त्याला क्रेतात मागे ठेवलं, ते गावोगाव वडील नेमायला. मग गावोगाव फिरणारा तो स्वतः कोण? बिशप म्हणू नका हवं तर.

मी सातवीत असताना तुम्ही मला सुरत लाईनच्या पॅसेंजरने दोंडाईच्याला नेलं होतं. रेल्वेचा पास, डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. तिथल्या दोन घरांनी प्रभुभोजनाला एकत्र बसणं सोडलं होतं. तुम्ही दोघांना एकाच खाटेवर बसवलंत आणि चहा येईपर्यंत चकार शब्द बोलला नाहीत. मग निळी वही काढून नंदुरबारपर्यंत कुणाकडे बरेच दिवस जाणं झालं नाही, ते वाचत बसलात. तुम्ही भुसावळच्या मंडळीचे वडील. दोंडाईच्याला तुम्हाला कुणी नेमलं होतं? ग्रीकमध्ये 'एपिस्कोपोस' म्हणजे वरून पाहणारा. आपल्या 'अध्यक्षा'तही अक्ष, म्हणजे डोळाच आहे.

बिशपांचा झगा न् अंगठी मलाही खटकते, हे सासरी सांगू नका. पण सासरची सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, काही वरून लादलेली नाही. 1929 पासून बोलणी चालली आणि 1970 साली नागपुरात वेगवेगळ्या पंथांचे सगळे एक झाले. त्यात बाप्टिस्टही होते, ज्यांच्याकडे बिशप नव्हताच. एकेचाळीस वर्षं भांडून मान्य केलं त्यांनी. आपल्याकडे तीन आठवडे आहेत.

शनिवारी सकाळच्या गाडीने निघा, जावई नाशिकरोडला घ्यायला येतील. निळी वही आणाच, पोरीला दाखवायचीय. आणि आई, वांगी बामणोदचीच आण, इथली भरताला चालत नाहीत.

तुमची,
ताई