एक हिरवी फ्रेम काढायला गेले आणि आईच्या उखाण्यातलं बाबांचं नावच गेलं

नमस्कार,

तुमच्या व्हिडिओ एडिटरचं वर्षभराचं लायसन्स मी घेतलं ते तुमच्या पेजवरच्या एका वाक्यावर विश्वास ठेवून, की री-एन्कोड न करता (म्हणजे व्हिडिओ पुन्हा नव्याने दाबून साठवल्याशिवाय) कुठलीही फ्रेम काढा, क्वालिटी जशीच्या तशी. हे खरं नाहीये आणि माझी तक्रार त्याबद्दलच आहे.

आईबाबांच्या लग्नाची 1994 ची व्हीएचएस कॅसेट मी एमपी4 करून घेतली होती, एच.264 (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत), सेकंदाला 25 फ्रेम, सव्वादोन तासांना पाच मिनिटं कमी असेल. कॅसेटला नंतर बुरशी लागली, त्यामुळे आता जे काय आहे ते या फाइलमध्येच. त्यात आई उखाणा घ्यायला मान वर करते आणि बरोब्बर तिथे एक फ्रेम अख्खी हिरवी आहे. 40 मिलिसेकंदच, पण टीव्हीवर लावलं की डोळ्यात खुपते.

तुमच्या लॉसलेस मोडमध्ये ती फ्रेम काढली. हिरवी फ्रेम गेली पण तिच्यामागची जवळपास आठ सेकंदंही गेली! आई "चांदीच्या ताटात" एवढंच म्हणते आणि एकदम टाळ्याच, बाबांचं नाव गायब. मग तुमचा एक्झॅक्ट मोड लावला तर त्याने सगळा व्हिडिओ नव्याने एन्कोड केला, 4.2 जीबीची फाइल 1.6 वर आली आणि आईच्या शालूची जर, जी आधी नीट दिसत होती, ती नुसती पिवळी फासल्यासारखी झाली.

तुमच्या सपोर्टवाल्यांनी कळवलं की प्रॉब्लेम तुमच्या फाइलमध्ये आहे. नाहीये हो. एच.264 मध्ये पूर्ण चित्र फक्त की-फ्रेममध्ये असतं, बाकीच्या फ्रेम आजूबाजूच्या फ्रेमवरून फरक तेवढा साठवतात, म्हणून मधलीच एक उपटली की तिच्यावर टेकलेल्या पुढच्या सगळ्या बिघडतात आणि नवा तुकडा की-फ्रेमपासूनच सुरू करावा लागतो. माझ्या फाइलमध्ये 250 फ्रेमनंतर एक की-फ्रेम आहे, म्हणजे दहा सेकंदं. हे मी चार रात्री बसून शोधलं, तुम्हाला तर आधीपासून माहीत असणार, मग ते विकायच्या आधी का नाही सांगत?

आणि यावर उपाय आहे. जिथे कापलंय तेवढाच दहा सेकंदांचा गट त्याच सेटिंगने नव्याने एन्कोड करायचा आणि बाकीचं जसंच्या तसं कॉपी करायचं, म्हणजे माझ्या 1 लाख 95 हजार फ्रेमपैकी 250 लाच हात लागला असता. आवाजाचे तुकडे फ्रेमच्या मापाचे नसतात, तो सांधा वेगळा जुळवावा लागेल हे मला कळतं, पण तेवढ्यासाठीच तर पैसे भरले ना.

मला पूर्ण पैसे परत हवेत आणि पेजवरचं ते वाक्य बदला, कारण असं घरचं एकुलतं एक रेकॉर्डिंग घेऊन येणारी मी एकटी नसेन, आणि सगळेच काही ओरिजिनलची कॉपी काढून ठेवत नाहीत. मी ठेवली होती म्हणून वाचले. उखाण्याच्या आसपासचा एका मिनिटाचा तुकडा सोबत जोडतेय, तो दोन्ही बाजूंनी की-फ्रेमवरच कापलाय त्यामुळे मूळचाच आहे, तुमच्याकडे लावून बघा.