सोलरच्या स्ट्रक्चरची ऑर्डर देण्यापूर्वी: सोसायटी अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती,
सदर बझार, सातारा

विषय: गच्चीवरील सोलर पॅनेलचे स्ट्रक्चर व रेल बसवण्याच्या पद्धतीबाबत

मा. अध्यक्ष महोदय,
सप्रेम नमस्कार.

लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांच्यासाठी १० किलोवॅटचे सोलर घ्यायचे सभेत ठरले, त्याला आमचा पाठिंबाच आहे. बोर्डावर लावलेली तिन्ही कोटेशन वाचली. पॅनेल कुठले, इन्व्हर्टरची वॉरंटी किती, यावर अर्धे अर्धे पान आहे. स्ट्रक्चरवर तिन्हींत एकच ओळ: "जी.आय. स्ट्रक्चर, अँकर फास्टनरसह", म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा सांगाडा, भोकात फुगून पकडणाऱ्या बोल्टांनी बसवलेला. गच्ची गळणार की नाही हे याच ओळीवर ठरणार आहे, म्हणून हे पत्र.

आपल्या स्लॅबवर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंगचा थर आहे आणि त्यावर चायना मोझॅक. कोब्याची जाडी उताराप्रमाणे बदलते. पावसाळी पाइपाच्या तोंडाशी ती साधारण ३ इंच असते, मधल्या उंचवट्यावर ५ इंचांच्या आसपास जाते. फिटर ज्या पेटीतून फास्टनर काढतो, त्यातला नेहमीचा फास्टनर १०० मिमीचा, म्हणजे ४ इंचांचा. बेस प्लेटची जाडी आणि नटासाठी लागणारे आटे वजा केले, तर तो बहुतेक जागी कोब्यातच संपतो. त्याची स्लीव्ह फुगते ती विटेच्या तुकड्यांत. वीट फुटते, पकड जाते, आणि नट आवळताना मात्र फिटरला सगळे घट्ट लागते. वर वॉटरप्रूफिंगला भोक पडले ते वेगळेच. कोब्यात शिरलेले पाणी सरळ खाली येत नाही, विटांच्या फटींतून आडवे पळते. भोक लिफ्टच्या खोलीजवळ आणि ओल तिसऱ्याच घराच्या बेडरूममध्ये, मग कारण शोधता शोधता दोन पावसाळे जातात. बेस प्लेटभोवती सिलिकॉन फिरवणे हा त्यावर उपाय नव्हे. काही काळाने ते कडांपासून सुटते.

"मग भोकच नको, काँक्रीटचे ठोकळे नुसते ठेवू," असेही सभेत कोणी म्हणाले. त्याचा हिशेब करून पाहावा. ५५० वॅटचे पॅनेल साधारण २२७८ × ११३४ मिमीचे, वजन २८ किलोच्या आसपास. अशी १८ पॅनेल म्हणजे ९.९ किलोवॅट, नऊ-नऊच्या दोन ओळी. ताशी १५० किमी वारा धरला तर दाब दर चौरस मीटरला सुमारे १०६ किलो येतो. गुणांक (या दाबाचा किती पट भाग पॅनेलवर येतो तो आकडा) १ धरून एका पॅनेलला वर उचलणारी ओढ पावणेतीनशे किलो होते, म्हणजे त्याच्या वजनाच्या जवळजवळ दसपट. एका ओळीची ओढ अडीच टनांच्या घरात जाते. पॅनेल आणि लोखंड यांचे वजन वजा केले तरी ओळीला दोन टन धरून ठेवावे लागतात. फूटभर घनाचा ठोकळा ६५ किलोचा. दोन ओळींना असे साठाहून जास्त ठोकळे लागतील, तेही सुरक्षिततेची काही वाढ न धरता. चार टनांचे हे ओझे कोब्यासकट स्लॅबवर टाकायचे, तर आधी इंजिनिअरचा दाखला हवा. खरे गुणांक आय.एस. ८७५ या भारतीय मानकाच्या वाऱ्यावरच्या तिसऱ्या भागाप्रमाणे स्ट्रक्चरल इंजिनिअरने काढायचे असतात, आणि कडेच्या व कोपऱ्यातल्या पॅनेलना ते जास्त येतात. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या ज्या वाऱ्यासाठी उभ्या केल्या, त्याच मुलखात आपण राहतो. वळवाच्या झोताला हलक्यात घेऊ नये.

आमची सूचना अशी. स्ट्रक्चर सिमेंटच्या ओट्यांवर उभे राहावे आणि ओटे कोब्यात नाही, तर स्लॅबमध्ये रुजलेले असावेत. प्रत्येक जागी ४५० × ४५० मिमीचा चौकोन कटरने कापून कोबा काढायचा. ब्रेकर लावू द्यायचा नाही, त्याच्या हादऱ्याने आजूबाजूचा चांगला कोबा स्लॅबपासून सुटतो. खाली स्लॅब दिसला की पृष्ठभाग टोचून खरबरीत करायचा आणि १२ मिमीच्या चार सळ्या केमिकल अँकरने (भोकात भरायच्या चिकट रसायनाने) रोवायच्या. त्यासाठी भोक १६ मिमीचे. बीमवर १२० मिमी खोल गेले तरी चालते, पण नुसत्या स्लॅबवर ८० मिमीच्या पुढे जाऊ नये, कारण स्लॅबच साधारण १२५ मिमीचा असतो. भोक ब्रशने आणि ब्लोअरने आलटून पालटून तीनदा साफ झाले पाहिजे. भुकटी आत राहिली तर केमिकल भुकटीला चिकटते, काँक्रीटला नाही. ही पायरी घाईत सर्रास गाळली जाते आणि नंतर ती तपासायचा मार्ग उरत नाही. त्या वेळी समितीतले कोणीतरी गच्चीवर उभे असावे.

भोके पाडण्याआधी शेवटच्या मजल्यावरच्या घरांत जाऊन पंख्याचे हूक आणि दिव्यांचे पॉइंट कुठे आहेत ते मोजून गच्चीवर खडूने उतरवावे. वायरिंगचे पाइप स्लॅबमधूनच गेलेले आहेत.

ओटा ३०० × ३०० मिमीचा, एम-२० काँक्रीटचा, तयार गच्चीच्या वर ३०० मिमी. त्यात एम-१२ चे (१२ मिमी जाडीचे) चार फाउंडेशन बोल्ट टेम्प्लेट (भोके पाडलेली नमुना-पट्टी) लावूनच सोडावेत, नाहीतर बेस प्लेट बसवताना भोके गॅसने मोठी केली जातात आणि गॅल्व्हनायझिंग तिथेच संपते. वरचा माथा किंचित उताराचा, पाणी साचू नये म्हणून. सात दिवस पाणी मारायचे. ओट्याच्या पायथ्याशी चारी बाजूंनी गोल वाटा (कोपरा भरून काढलेली सिमेंटची गोलाई), त्यावर फायबर कापडासह वॉटरप्रूफ कोटिंग, ते ओट्यावर १५० मिमी चढवलेले. मग पाइपांची तोंडे बंद करून ४८ तास पाणी कोंडायचे आणि शेवटच्या मजल्यावरच्या प्रत्येक घराचे छत पाहायचे. हे सगळे लोखंड वर चढण्याआधी. पॅनेल बसल्यावर गळती सापडली तर स्ट्रक्चर सोडवण्याचे पैसे कोणी द्यायचे, यावरच सभा संपेल.

रेलच्या, म्हणजे पॅनेल ज्यांवर बसतात त्या आडव्या पट्ट्यांच्या, खाली दर १.६ मीटरच्या आत आधार हवा. म्हणजे एका ओळीला ८ रॅफ्टर (रेलखालचे तिरपे दांडे), १६ पाय. दोन ओळींना ३२ ओटे. आकडा मोठा आहे. ओट्यांवर जाड चॅनेलची आडवी तुळई टाकून रॅफ्टर तिच्यावर उभे केले, तर ओटे निम्म्यावर येतात आणि शक्य तिथे ते बीमवर घेता येतात. लोखंड वाढते, पण गच्चीतली भोके निम्मी होतात. आमचा कल याच पर्यायाकडे आहे. बीम कुठून जातात ते सोसायटीच्या फायलीतल्या आर.सी.सी. ड्रॉइंगवर आहे.

रेल ॲल्युमिनियमची घ्यावी, पण १० मीटरची अखंड ओळ करू नये. थंडीतल्या पहाटेपासून एप्रिलच्या दुपारपर्यंत ४५ अंशांचा फरक धरला, तर १० मीटरची रेल सुमारे १ सेंटिमीटर लांबते. ते ताण क्लॅम्पवर आणि काचेवर येतात. पाच पॅनेलनंतर रेल तोडून फट ठेवावी, आणि त्या फटीवर पॅनेल आडवे येऊ नये. या मांडणीत मिड क्लॅम्प (दोन पॅनेलांमधली पकड) २८ आणि एंड क्लॅम्प (टोकाची पकड) १६ लागतात. एंड क्लॅम्प फ्रेमच्या जाडीचाच हवा. फ्रेम ३० मिमीची आणि क्लॅम्प ३५ चा असला की खाली वॉशर भरून वेळ मारून नेतात. वाऱ्याच्या थरथरीत तो वॉशर सरकतो आणि कडेचे पॅनेल पहिल्यांदा सुटते. क्लॅम्प पॅनेलच्या टोकापासून साधारण ४५० ते ५५० मिमीवर यावा, नेमका पट्टा पॅनेलच्या पुस्तिकेत छापलेला असतो. तो चुकला की काचेची वॉरंटी नाकारायला कंपनीला कारण मिळते. एम-८ चे बोल्ट पुस्तिकेतल्या टॉर्कने (बहुधा १२ ते १५ न्यूटन-मीटर) टॉर्क पान्याने आवळावेत. बॅटरीच्या गनने स्टेनलेसचा नट आटे खाऊन जाम होतो, मग तो घट्ट झाला की नुसता अडकला हे कळत नाही.

"जी.आय." या शब्दात दोन वेगळ्या वस्तू खपतात. आधीच गॅल्व्हनाइज केलेल्या पत्र्याचा पाइप १२० जी.एस.एम.चा (दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्ताचा) असेल तर एका बाजूला जस्त जेमतेम ८ मायक्रॉन असते. कापून, भोके पाडून मग हॉट डिप केलेल्या (वितळलेल्या जस्तात बुडवलेल्या) मालावर ८० मायक्रॉन मागता येते. ऑर्डरमध्ये ८० मायक्रॉन लिहावे आणि माल उतरल्यावर थराची जाडी मोजायच्या मीटरने मोजून घ्यावे. गच्चीवर वेल्डिंग चालणार नाही.

सावलीबद्दल शंका निघाली होती. अजिंक्यतारा आपल्या नैऋत्येला आहे. डिसेंबरात सूर्य त्या दिशेला येतो तेव्हा तीन वाजलेले असतात आणि तो ३० अंशांवर असतो, त्यामुळे डोंगर आड येत नाही. आड येईल ती आपलीच पाण्याची टाकी. ती ३ मीटर उंच धरली तर तिच्या उत्तरेला साडेतीन मीटर जागा सोडावी. पॅनेल दक्षिणेला तोंड करून १५ अंशांत. दोन ओळींत सावलीपुरते ७० सेंटिमीटर पुरतात, पण धुवायला माणूस जायचा तर ९० ठेवावेत. खालची कड गच्चीपासून अर्धा मीटर वर असावी. वाळवणासाठी आठ फुटी मांडव हवा असे काहींचे म्हणणे आहे. तो करता येतो, पण त्याचे पाय, तिरपे आधार आणि हिशेब सगळेच वेगळे. याच दरात तो कोणी कबूल केला तर संशय घ्यावा.

सोसायटीला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान मिळते. गच्ची गळली म्हणून कोणी ते वाढवून देणार नाही. म्हणून विनंती, की इंजिनिअरच्या सहीचे स्ट्रक्चर ड्रॉइंग आल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नये, आणि शेवटचा हप्ता पाणी कोंडण्याची चाचणी व टॉर्कची तपासणी झाल्यावरच द्यावा.

ठेकेदाराला बोलावण्याआधी एक काम रविवारी तासाभरात होईल. गच्चीच्या उंचवट्यावर आणि पाइपाच्या तोंडाशी एकेक १० मिमीचे भोक हळूहळू पाडून बघावे. ड्रिलमधून लाल भुकटी येते तोवर आपण विटेत आहोत. राखाडी यायला लागली की थांबावे, खोली मोजावी आणि भोक ग्राउटने त्याच दिवशी बुजवावे. ड्रिल मशीन आमच्याकडे आहे. गच्चीची किल्ली सकाळी नऊला मिळावी.

आपले नम्र,
सदनिका क्र. ३०१ व ४०२ मधील सभासद