जहाजावर कोण होतं ते आधी विचारा

प्रिय मन्या,

आज मेगाब्लॉक आहे, कुठे जायचं नाही, म्हणून निवांत लिहायला बसलोय. फोनवर हे सगळं बोलता येत नाही रे, मध्येच कोणीतरी हाक मारतं आणि राहून जातं.

ट्रेनमधला ग्रुप तुझ्या वेळेला होता तसाच आहे. ठाण्यापर्यंत ऑफिसची रडगाणी, मुलुंड मागे पडलं की युद्ध. पक्याला अजून सगळ्या मिसाईलच्या रेंज पाठ, जोशीकाका अजून रशियाच्या बाजूने आणि तांबे अमेरिकेविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नाही. इराणजवळची होर्मुझची सामुद्रधुनी तर आता कळव्याची खाडी असल्यासारखी बोलली जाते. अरुंद जागी जेमतेम 33 किलोमीटर, जगातलं साधारण 20 टक्के तेल तिथून जातं, बंद पडली तर पेट्रोल कुठे जाईल, कोणी कोणाला ठोकायला पाहिजे, सगळं. शेजारचे लोक म्हणतात तुम्हाला काय करायचंय, तुम्ही घाटकोपरला उतरणार. मला हे अजिबात पटत नाही. घरातला गॅस, गाडीतलं पेट्रोल, आखातात नोकरीला गेलेले आपले भाऊ-मेहुणे, हे सगळं त्या भागावर अवलंबून आहे, मग आपण नाही बोलायचं तर कोणी बोलायचं? बोलायलाच पाहिजे. फक्त आपल्याकडे प्रत्येक जण नकाशा आणि झेंडा घेऊन सुरू होतो, आणि जहाजावर कोण होतं हे कोणी विचारतच नाही, याचा मला हल्ली फार त्रास व्हायला लागलाय.

हे डोक्यात घातलं सुर्वेकाकांनी. तू त्यांना ओळखत नाहीस, तू नागपूरला गेल्यावर ग्रुपमध्ये आले. मूळचे गुहागरकडचे, आयुष्य मर्चंट नेव्हीत इंजिनरूममध्ये गेलं, आता भायखळ्याला एका वर्कशॉपमध्ये जातात. एकदा पक्या आणि तांबेची लाल समुद्रावरून जुंपली होती, जहाजांवर हल्ले करणाऱ्या येमेनच्या हुथी बंडखोरांनी बरोबर केलं की चूक वगैरे, आणि काकांनी मध्येच विचारलं, मार्लिन लुआंडा माहितीये का रे कोणाला? कोणालाच माहिती नव्हतं. 26 जानेवारी 2024. आपण इकडे टीव्हीवर परेड बघितली, मिसाईलचे ट्रक गेले तेव्हा टाळ्या वाजवल्या, आणि त्याच दिवशी एडनच्या आखातात या टँकरवर मिसाईल पडलं. हुथी म्हणाले ब्रिटिश जहाज आहे. झेंडा, म्हणजे जहाजाची नोंदणी, मार्शल आयलंड्सचा. आत भरलेला नाफ्था, म्हणजे पटकन पेटणारं तेल, रशियाचा. आणि खलाशी 22 भारतीय आणि 1 बांगलादेशी! तांबे गप्प, जोशीकाका पण गप्प.

मग काकांनी पक्याचा पेपर घेतला आणि बाजूच्या कोऱ्या जागेत पेनाने टँकर काढून दाखवला. पुढचं सगळं लांबलचक म्हणजे माल, टाक्याच टाक्या. एकदम मागे इंजिनरूम आणि तिच्या डोक्यावर आपलं झोपणं, जेवण, सगळं. पुढे पेटलं की मागच्याला पळायला जागा म्हणजे समुद्र, म्हणून पळायचं नसतं, अलार्म झाला की ठरलेल्या जागी जमायचं, डोकी मोजायची, हवेचे पंखे बंद करायचे, फोम मारायचा. आणि हे करणारी पोरं बावीस-पंचवीस वर्षांची, घरी आईला सांगून आलेली असतात की टेन्शन घेऊ नको. आपल्या नेव्हीची आयएनएस विशाखापट्टणम मदतीला गेली, तिची टीम सामान घेऊन टँकरवर चढली, आग विझली, सगळे वाचले. पण 6 मार्चला ट्रू कॉन्फिडन्स नावाच्या जहाजावर मिसाईल पडलं तेव्हा 3 खलाशी गेले. झेंडा बार्बाडोसचा. वाचलेल्यांना आयएनएस कोलकाताने उचललं, त्यातही एक आपला होता.

जोशीकाका मग म्हणाले ते सगळं तिकडे लांब, मुंबईला युद्धाची झळ कधी लागली? सुर्वेकाका म्हणाले 14 एप्रिल 1944. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाज, एकाच जहाजात कापसाच्या गाठी आणि जवळजवळ 1400 टन दारूगोळा. आग लागली, विझवायला बंबवाले गेले आणि जहाज फुटलं. 66 बंबवाले गेले, डॉकमधले हमाल-कामगार तर शेकड्यांनी. त्या जहाजात काय भरलंय हे त्यातल्या किती जणांना सांगितलं असेल, तूच विचार कर.

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्या खालच्या मजल्यावरचा मुलगा, आईवडिलांचा एकुलता एक, टँकरवर जाणार आहे. लाल समुद्राच्या दक्षिण भागासारखा पट्टा युद्धक्षेत्र म्हणून जाहीर झाला की युनियन आणि मालकांच्या आंतरराष्ट्रीय करारात असलेल्या जहाजावरच्या खलाशाला तिकडे जायला नकार देता येतो, कंपनीने स्वतःच्या खर्चाने घरी पाठवायचं, आणि जो जाईल त्याला जादा पैसे. मी हे त्याला सांगितलं तर तो म्हणतो, दादा, नाही म्हटलं तर पुढचं जहाज कोण देणार? त्याच्या एजंटने तर या कलमाचं नाव पण काढलेलं नाही, वर नोकरी लावायचे पैसे मागितलेत. खलाशाकडून असे पैसे घ्यायचेच नसतात, कायदाच आहे तसा. पोराने दागिने मोडायला काढलेत घरातले. मी ओरडून थांबवलंय, पण माझं किती दिवस ऐकेल?

ट्रेनमध्ये हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदा कोणी रशिया-अमेरिका केलं नाही. तांबे म्हणाला एजंटकडे लायसन्स आहे का ते बघू, कांजुरला डीजी शिपिंगच्या, म्हणजे हे लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याच्या, ऑफिसला मी येतो बरोबर. पक्या म्हणाला तो पण येईल. मला इतकं बरं वाटलं ना.

म्हणून तुला काम सांगतोय. तुझा मेहुणा शिपिंग कंपनीत क्रूचं काम बघतो ना, त्याला पोराचं ॲग्रीमेंट वाचायला सांग. मी फोटो पाठवतो, दुसरं पान नीट आलेलं नाही, ते परत काढतो. जहाज त्या करारात येतं का आणि नकाराचं कलम आहे का, एवढंच बघायचंय, आणि एजंटचा लायसन्स नंबर पण खरा आहे का. बुधवारी त्याला सही करायला बोलावलंय, त्याआधी कळव. वहिनींना नमस्कार, चिंगीला पापा.

तुझाच,
बाळ्या