पोटगीची जुनी थकबाकी आणि न घेतलेल्या पावत्या

मा. संपादक, स.न.वि.वि.

माझ्या धाकट्या भावाला मागच्या महिन्यात कोर्टाची नोटीस आली, मुलीच्या पोटगीची ४ वर्षांची थकबाकी एकदम, आई तर रात्रभर झोपली नाही. तो पैसे देत होता हो, पण रोख, कधी शाळेची फी कधी नुसते हातात, पावती एकाचीही नाही. शिवाजीनगरला फॅमिली कोर्टात गेलो तेव्हा वकिलांनी सांगितलं की पोटगीसाठीचं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं (सीआरपीसी) कलम १२५ आणि १ जुलै २०२४ पासूनच्या नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं कलम १४४, दोन्हीत वसुलीच्या वॉरंटसाठी रक्कम देय झाल्यापासून १ वर्षात अर्ज करावा लागतो, पण म्हणून जुनी बाकी माफ होत नाही, आणि जेलमध्ये जाऊन आलं तरी देणं फिटत नाही. नोटीस आली की तारीख चुकवू नका, नोकरी गेली असेल तर गप्प न बसता रक्कम कमी करायचा अर्ज तेव्हाच द्या. भावजयीवर माझा राग नाही, पोरीच्या हक्काचेच पैसे आहेत ते. भाऊ आता दर ५ तारखेला बँकेतून ट्रान्सफर करतो आणि रिमार्कमध्ये महिना लिहितो.

एक वाचक, धायरी, पुणे